चार बाणांचा पाट

डान्स पॅड सरकतो. या सगळ्या प्रकरणाचं मूळ कारण एवढंच आहे आणि ते मी प्रत्येक बैठकीत सांगितलेलं आहे. एकाही बैठकीच्या इतिवृत्तात ते आलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डान्स पॅड म्हणजे पायाने खेळायच्या गेमची चटई. तिच्यावर चार बाण असतात. पुढचा, मागचा, डावा, उजवा. वायर लॅपटॉपला लावायची. गाणं सुरू झालं की स्क्रीनवर बाण येत राहतात आणि जो येईल त्यावर वेळेत पाय टाकायचा. वेळ चुकली की मार्क गेले. रत्नागिरी जिल्ह्यात हे करणारा मी एकटाच असं मला वाटायचं. मग चिपळूणचा एक जण सापडला. पण पुरात पॅड वाहून गेल्यापासून तो कॅरम खेळतो. म्हणजे परत मी एकटाच.

आमचं घर पावस गावच्या रस्त्याला, वाडीत. आईने हौसेनं चकचकीत फरशी घालून घेतली आहे. फास्ट गाणं लागलं की मी लॅपटॉपसमोर सुरुवात करायचो आणि शेवटचा बाण स्वयंपाकघरात मारायचो.

त्यात पुण्यात स्पर्धा जाहीर झाली. निवडीसाठी एका गाण्याचा सलग व्हिडिओ पाठवायचा होता. अट एकच, खेळाडूचे पाय स्पष्ट दिसले पाहिजेत. मुदत गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर दोन दिवसांनी संपत होती. आता खरं सांगतो, माझा आयुष्यात कशातच नंबर आलेला नाही. बाजारात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, ते पण व्हिडिओ बघून शिकलो. ही एक गोष्ट मला चांगली येत होती, आणि ती सरकत होती.

म्हणून मी लाकडी फ्रेम करायला घेतली.

भाट्ये गावातल्या सागरकडून होडीच्या कामातला उरलेला मरीन प्लाय, म्हणजे पाण्याने न फुगणारं प्लायवूड, आणला. कडेने सागाच्या पट्ट्या ठोकल्या, मधे पॅड ताणून बसवला आणि वरून पट्ट्यांनी घट्ट आवळला. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. मागच्या बाजूला कमरेच्या उंचीचा आडवा दांडा लावला. मोठे खेळाडू तोल जाऊ नये म्हणून तो धरतात. पॅडची वायर मागच्या भोकातून बाहेर काढली. झाल्यावर मी त्यावर उडी मारून बघितली. फ्रेम जागची हलली नाही. मला भरून आलं.

"दादा, आपलं घर पण एवढं मजबूत नाय," मनस्वी म्हणाली. ही माझी बहीण. कॉलेजला जाते आणि घरी आली की मला टोमणे मारते. "आता ह्याच्यावर नाच येईल असं काय केलंस तर बरं."

शेवटी पट्ट्यांना पॉलिश मारलं. ही माझी तांत्रिक चूक. श्रावणात कोकणात काहीच वाळत नाही, तर पॉलिश कुठून वाळणार? फ्रेम पडवीत ठेवली आणि दुकानात गेलो.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगावी लागेल. नागपंचमीच्या सुमाराला प्रत्येक घरचा पाट गणपतीच्या शाळेत जातो. शाळा म्हणजे मूर्तिकाराची शाळा. पाटावरच माती चढते, पाटावरच मूर्ती होते, त्याच पाटावरून ती घरी येते आणि त्याच पाटावरून विसर्जनाला जाते. पाट तेवढा परत येतो. पाट केवढा, त्या मापाचा गणपती.

आमच्या वाडीचे सगळे पाट जानूकाका आपल्या टेम्पोतून पोचवतात. त्यांचं काम सरकारी पद्धतीचं आहे. पडवीत लाकडी दिसेल ते उचलायचं, विचारायचं नाही. मागच्या वर्षी एका घरचा पोळपाट गेला होता. त्यांच्याकडे त्या वर्षी फार लहान गणपती आला. पण त्यांनीही काही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर पडवी मोकळी. आई शेतातून नुकतीच आलेली, तिला काही माहीत नव्हतं. मी जानूकाकांना फोन लावला.

"काका, पडवीतलं माझं ते..."

"पोचवलंय! काय पाट केलंस रं दीपेश! चौघांनी उचलला."

"काका, तो पाट नाय."

"मंग काय हाय?"

"नाचायचं आहे ते. पायाने."

पलीकडे काकांनी टेम्पोचा गिअर टाकला.

"गणपतीत नाचायचंच आसतं रं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

सकाळी उठून शाळेत गेलो. रामाआप्पा मूर्तिकार माझ्या फ्रेमसमोर बसले होते. फ्रेमच्या मधोमध मातीचा ढीग उभा होता. चारही बाजूंनी बाणांची टोकं तेवढी बाहेर दिसत होती.

"आप्पा, थांबा. हा पाट नाय."

आप्पांनी हात थांबवले नाहीत. "चाळीस वर्सं पाट बगतंय मी. ह्यो पाट नाय म्हणजे?"

"गेमचा पॅड आहे. ह्याच्यावर पाय टाकून खेळतात."

"मागं ह्यो दांडा कशाला?"

"तोल गेला तर धरायला."

"प्रभावळीचा आधार हाय त्यो," आप्पा मला समजावत म्हणाले. "आनि ही वायर?"

"लॅपटॉपला लावायची."

"लायटिंगची हाय. बाळा, वस्तू तू केलंस ती बेस केलंस. पन आपन काय केलंय ता तुला म्हाईत नाय." त्यांनी मातीवर पाण्याचा हात फिरवला. "आनि आता माती टेकली. टेकलेली माती उचलत नायत."

त्यांची मूर्ती फ्रेमच्या मापाची होणार होती. आमच्या घराच्या दाराच्या मापाची नाही.

मी रीतसर जायचं ठरवलं. रीतसर म्हणजे वाडीच्या मंडळाकडे. आमची वाडी पावसच्या रस्त्याला असली तरी ती चालते नालासोपाऱ्यातून. मंडळाचे अध्यक्ष महिपततात्या तिथे राहतात. वाडीतला पाण्याचा नळ फुटला तरी आधी नालासोपाऱ्यात बैठक होते, तोवर इकडे पाणी वाहत असतं. मी वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अर्ज टाकला: माझी फ्रेम परत मिळावी, तिच्या बदली घरचा जुना पाट घ्यावा, जुना पाट माळ्यावर सुस्थितीत आहे.

दोन दिवसांनी ठराव आला. "अर्जदाराने सदर वस्तू नाचण्यासाठी बनवली होती, हे त्याचे म्हणणे ऐकून घेण्यात आले. म्हणणे ऐकले गेल्याबद्दल मंडळ अर्जदाराचे अभिनंदन करते. वस्तूवर माती टेकल्याने ती पाट या व्याख्येत आपोआप मोडते. विसर्जनानंतर वस्तू अर्जदारास परत मिळेल."

शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. विसर्जनानंतर परत मिळेल. मग माझ्याकडे दोन दिवस उरत होते. एक गाणं अडीच मिनिटांचं. मी आईला म्हटलं, चालेल.

"चालेल काय मेल्या," आई म्हणाली. "एवढा मोठा गणपती, दारातून येणार कसा?"

आला नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी वाडीतल्या आठ जणांनी दाराशी प्रयत्न केला. उभा करून झाला, तिरका करून झाला. शेवटी देव पडवीत बसला. पडवी आमची, पण पडवीतला देव सगळ्या वाडीला दिसतो, त्यामुळे तो निम्मा सार्वजनिक झाला. निम्मा सार्वजनिक म्हटल्यावर मंडळ आलं. मंडळ म्हणजे जानूकाकांनी हातात धरलेला मोबाईल. त्यात महिपततात्या.

"जवळ धर," तात्या म्हणाले. "आणखी जवळ. हे खाली बाण कसले?"

मी तोंड उघडलं. जानूकाकांनी माझ्या पायावर पाय दिला.

"दिशा हायत तात्या," काका म्हणाले. "चार दिशांचा पाट हाय."

"मग लाल बाण कुठे आहे?"

लाल बाण म्हणजे गेममधला पुढचा. तो मूर्तीच्या पुढ्यात होता.

"लाल म्हणजे उत्तर," तात्या म्हणाले. "माझे एक ओळखीचे वास्तूवाले आहेत, त्यांना फोटो पाठवला मी. लाल बाण उत्तरेलाच पाहिजे. नाहीतर वाडीला त्रास."

"तात्या, तो कारखान्यात छापलेला आहे," मी म्हटलं. "निळा पण चालला असता."

"कोण बोलतंय हे?"

"कोन नाय," काकांनी मोबाईल वळवला.

पाट फिरवला. लाल बाण उत्तरेला. त्याबरोबर देवाचं तोंडही उत्तरेला. आमच्या पडवीच्या उत्तरेला सात पावलांवर तुळसाकाकूंचा गोठा आहे. म्हणजे दर्शन घ्यायचं तर गोठ्यातून घ्यावं लागणार. तुळसाकाकू म्हणजे वाडीतली अशी बाई की जिला जानूकाकाही विचारल्याशिवाय पाट उचलत नाहीत.

"माजी म्हस खंय ठेवू? तुज्या टेंपोत?" काकू जानूकाकांवर ओरडल्या.

यावर मंडळाने तातडीचा ठराव केला: देवाची दिशा बदलता येणार नाही, भक्तांनी आपली बदलावी. म्हैस आमच्या मागच्या दारी बांधली. सगळी वाडी गोठ्यात उभी राहून आरती करू लागली. मुंबईवरून आलेल्या पाहुण्यांनी शेणात उभं राहून फोटो काढले आणि खाली लिहिलं, कोकणातली साधी माणसं.

वायरचं पुढे झालं ते असं. लायटिंगच्या बोर्डाला ती बसेना, म्हणून जानूकाकांनी तिला मोबाईलचा चार्जर लावला. पॅडच्या कोपऱ्यात एक बारीक लाल दिवा आहे. करंट आला की लागतो, एवढंच त्याचं काम. तो लागला.

गोठ्यातले सगळे पुढे वाकले.

"दिवा लागला," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी हात जोडले. मी पण जोडले. सगळे जोडतात तेव्हा आपले खाली ठेवून चालत नाही, तुम्हाला माहीत आहे.

तिथून पुढे तो दिवा विझू द्यायचा नाही असं ठरलं. लाईट गेली की पॉवर बँक लावायची. पाळ्या ठरल्या. माझी पाळी दुपारची होती, कारण मोबाईलचं काम मला येतं.

विसर्जन झालं. चौघांनी पाट परत आणला, आईने त्यावर रीतीप्रमाणे विसर्जनाच्या जागेची वाळू ठेवली होती, पाटाची पूजा झाली, आरती झाली, मी प्रसाद खाल्ला. तास-दोन तास थांबलो. मग वाळू पुसली, पॅड कोरड्या फडक्याने टिपला, वायर लॅपटॉपला लावली. आश्चर्य म्हणजे पॅड चालत होता. मनस्वीला मोबाईल धरायला उभी केली. गाणं लावलं. पाय उचलला.

"पाय लावतोस?"

दारात तुळसाकाकू. हातात रिकामी वाटी, विरजण मागायला आलेल्या.

"काकू, नाचायचं आहे."

"देव बसलेल्या पाटावर? पाय?"

गाणं चालू होतं. स्क्रीनवर बाण येत होते आणि जात होते. माझा पाय हवेत होता. मी आईकडे बघितलं. आईने पाटाकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे.

"खाली घे," आई म्हणाली.

गाणं संपलं. स्क्रीनवर शून्य मार्क आले.

सुनावणी लागली ती दोन दिवसांनी. तुळसाकाकूंच्याच गोठ्यात, कारण सगळ्यांना तिथे जमायची आता सवय झाली होती. जानूकाकांच्या हातात तात्या.

"तुमच्याच ठरावात आहे, वस्तू परत मिळेल," मी म्हटलं.

"मिळाली ना?" तात्या म्हणाले. "वापराबद्दल ठरावात काही नाही."

"मोजे घातले तर?"

"मोज्यात काय आसतं?" तुळसाकाकू म्हणाल्या. "पायच आसतो ना?"

"सोवळं नेसून नाचला तर?" जानूकाकांना माझी दया आली होती. पाट त्यांनीच उचलला होता, हे त्यांना बहुतेक आठवत होतं.

"पाय तो पाय," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात मनस्वी मागून म्हणाली, "मग हात? पाट हातानेच उचलतात ना? हात लावलेला चालतो."

ती थट्टा करत होती. मी शपथेवर सांगतो, थट्टा करत होती. पण तात्यांनी तिकडे कोणाशी तरी बोलून घेतलं आणि ठराव दिला: पायाने नाचण्यास मनाई कायम. हाताने नाचण्यास मंडळाची हरकत नाही.

मुदतीचा तो शेवटचा दिवस. नवीन पॅड मागवला तर यायला आठवडा. मी पाटासमोर गुडघे टेकले, कपाळ जवळजवळ लाकडाला लागेल इतका वाकलो आणि तोंडपाठ असलेलं आख्खं गाणं दोन्ही हातांनी खेळलो. खरं सांगायचं तर मार्क पायांपेक्षा चांगले पडले.

व्हिडिओ पाठवला. दोन तासांत उत्तर आलं. "आपली प्रवेशिका बाद करण्यात येत आहे. व्हिडिओमध्ये खेळाडूचे पाय आढळले नाहीत."

मनस्वीने तोच व्हिडिओ आमच्या वाडीच्या ग्रुपवर टाकला. मजा म्हणून. आवाज बंद करून. लॅपटॉप कडेला होता, तो व्हिडिओत आलाच नव्हता. म्हणजे लोकांना काय दिसलं? विसर्जनानंतरचा रिकामा पाट आणि त्याच्यासमोर एक तरुण मुलगा कपाळ टेकून, दोन्ही हातांनी पाट बडवत, अडीच मिनिटं.

खाली पहिली प्रतिक्रिया महिपततात्यांची: आजची पिढी बिघडली म्हणणाऱ्यांनी हे बघावं. मग रांग लागली. डोळ्यात पाणी आलं. हा विरह बघवत नाही. व्हिडिओ वाडीबाहेर गेला तिथे केळशीच्या एका अनोळखी बाईंनी लिहिलं, माझा मुलगा पण असा असता तर. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ फिरून मलाच आला, 'भावना असतील तर पुढे पाठवा' असं लिहून.

माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, माइकसमोर धरलेल्या मोबाईलमधून तात्यांचं भाषण. मी दोन शब्द बोलावे असा आग्रह झाला. म्हटलं, आता सगळं स्पष्ट सांगूया. उभा राहिलो. समोर सगळी वाडी. पुढच्या रांगेत आई नवीन साडी नेसून बसलेली. माझ्याकडे असं कौतुकानं ती आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती.

"सर्वांचे आभार," मी म्हटलं आणि बसलो.

त्याच दिवशी पुण्यात स्पर्धा होती.

तो पाट आता मंडळाच्या सभागृहात काचेच्या पेटीत आहे. वायर चार्जरला. लाल दिवा चालू. मी गुपचूप दुसरी फ्रेम केली, मागच्या दारी, ताडपत्रीखाली झाकून. आईने ती झाडलोट करताना बघितली, हळदकुंकू वाहिलं आणि मग मला जेवायला हाक मारली. वाडीत आता त्या मापाची फळी दिसली तरी लोक चप्पल काढतात. मनस्वी पण काढते. मी विचारलं तर म्हणाली, "हा पाट नाय अशी तुझी जेवढी खात्री आहे, तेवढी माझी नाय."

आणि ऑर्डरी सुरू झाल्या. आधी शेजारच्या वाडीतून, मग पावस गावातून, मग पार दापोलीकडून. सगळ्यांना तसाच पाट हवा. चार बाण हवेत, लाल उत्तरेला. मागे दांडा हवा. वायर हवी. वायर कशासाठी असं मला आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. एकाने फक्त विचारलं, दोन लावून मिळतील का. मी सुरुवातीला प्रत्येकाला खरं सांगायचो. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, तुमचा विनयच सांगतो सगळं. आता सांगत नाही. मोबाईलच्या दुकानाला मी दुपारनंतर जातो. सकाळी पाट.

हात पाटांना दिले, पाय मात्र अजून गेमचेच. नवीन पॅड मागवलाय, फरशीवर टाकून खेळतो. सरकतो. परवा स्वयंपाकघरातून थेट मागच्या दारापर्यंत गेलो, म्हैस बघत होती.

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्याही घरी पाट असणारच, आणि त्याला तुम्हीही कधी पाय लावला नसणार. तो मुळात कशासाठी केला होता, हे कधी कोणाला विचारलंत? मग आता कशाला विचारताय? नागपंचमीच्या महिनाभर आधी फोन करा. मापं माझ्याकडे आहेत. वायर कुठल्या बाजूने काढू, तेवढं फक्त सांगा.